विंचू, गांधीलमाशी, साप आणि आपला झाडपाला : सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी सोलापूर जिल्ह्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पोरांना घेऊन नान्नजच्या माळाकडे किंवा सीनेच्या काठानं निघालो की आघाडा, रुई दाखवताना आजूबाजूचं कुणीतरी हमखास थांबतं आणि म्हणतं, "सर, ह्याची मुळी विंचवावर चालते म्हणं." अक्कलकोटच्या कानडी गावात गेलो काय किंवा शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात गेलो काय, पाला बदलतो, प्रश्न तोच. म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. उपचार डॉक्टरांनीच करायचे. झाडांबद्दल मात्र मला बरंच सांगता येईल.

आत्ताच विंचू चावलाय. आधी काय करू?

हे पान बंद करा आणि १०८ ला फोन लावा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर जे वाहन हाताशी आहे त्यावरून निघा. मोटरसायकल असेल तर माणसाला दोघांच्या मध्ये बसवा, त्याला पायी चालायला लावू नका. निघताना अंगठी, बांगड्या, जोडवी, करदोडा काढून ठेवा, कारण सूज आली की ते काढणं अवघड होतं. जागा साबण-पाण्यानं धुवा. कळ फार असेल तर फडक्यात गुंडाळून बर्फ धरा. दोरी आवळायची नाही, ब्लेडनं चिरायचं नाही, तोंडानं चोखायचं नाही.

लहान मूल असेल तर "बघू थोडा वेळ" असं अजिबात म्हणू नका. तेवढंच विष छोट्या अंगात जास्त भिनतं. दरदरून घाम, उलट्या, तोंडाला पाणी सुटणं, हातपाय गार पडणं, छातीत धडधड, मुलग्यांमध्ये लिंग ताठ होणं, ही विष अंगात गेल्याची खूण. शेवटची खूण सांगायला आया लाजतात, पण डॉक्टर हेच आधी विचारतात. दम लागून खोकल्यातून फेस यायला लागला तर वेळ फार थोडा उरलेला असतो.

काळी इंगळी जास्त विषारी की तांबडा विंचू?

इंगळी दिसायला भयंकर. बोटभर लांब, चकचकीत काळी, खेकड्यासारख्या जाड नांग्या. लोक तिलाच घाबरतात. ती चावली की कळ येते, सूज येते, पण जीव जाण्याची वेळ सहसा येत नाही. जीव घेणारा तो बारका तांबडा. नांग्या बारीक, शेपूट जाड, रंग विटकरी किंवा पिवळसर तांबूस. दगडाच्या रचलेल्या भिंतीत, जुन्या माळवदाच्या मातीत, कडब्याच्या गंजीत, गोवऱ्यांच्या उतरंडीत तो आरामात राहतो. आपल्याकडच्या कोरड्या, तापणाऱ्या हवेत त्याचं उत्तम चालतं.

साधा ठोकताळा असा : ज्याच्या नांग्या जाड त्याचं विष हलकं, ज्याची शेपूट जाड त्याच्यापासून लांब राहा. हा ठोकताळा नवा नाही. सुश्रुतानं विंचवांचे मंदविष, मध्यविष आणि महाविष असे तीन वर्ग केले आहेत. सगळे विंचू सारखे नसतात हे आपल्याकडे फार आधीपासून माहीत होतं. गावातला उतारा देणारा मात्र सगळ्यांना एकच मुळी लावतो.

आमची आजी चिंचोका लावायची आणि विंचू उतरायचा. ते खोटं होतं का?

आजी खोटं बोलत नव्हती. चिंचोका लावलेला तुम्ही पाहिलाय, माणूस बरा झालेला पाहिलाय. प्रश्न एवढाच, की एकामुळे दुसरं झालं का?

मोहोळकडच्या एका वस्तीवर मी हे अगदी जवळून पाहिलं आहे. म्हातारीनं चिंचोका घेतला, पाट्यावर दोन थेंब पाणी टाकलं आणि एका बाजूनं घासायला सुरुवात केली. वरचं तपकिरी साल झिजून आतला पांढरा गर उघडा पडला, घासून घासून बी कोमट झाली, तशी तिनं ती चावलेल्या जागेवर दाबली. हात काढला तरी चिंचोका चिकटून राहिला. सगळे श्वास रोखून बघत होते. "ओढतोय बघा विष," ती म्हणाली. पुष्कळ वेळानं चिंचोका आपसूक गळून पडला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. विष पिऊन झालं, म्हणून पडला.

आता तो चिकटला कशानं, ते बघा. चिंचोक्याच्या गरात ओलाव्यानं फुगून चिकट होणारा पदार्थ भरपूर असतो. त्याच गुणामुळे चिंचोक्याच्या पिठाची खळ करून सुताला लावतात. चादरी-टॉवेलच्या शहरात खळ म्हणजे काय ते मी सांगायची गरज नाही. ओला गर घामेजल्या कातडीला चिकटतो, वाळला की सुटतो. तुमच्या न चावलेल्या हातावर लावा, तिथंही चिकटेल आणि तितक्याच वेळानं पडेल. हा प्रयोग घरी बसून करता येतो, आणि वर्गात पोरांना तो फार आवडतो. विषाचा दगड, सापाचा मणी म्हणून जे विकतात त्याचंही हेच. जळलेलं हाड किंवा सच्छिद्र दगड रक्ताचा ओलावा शोषतो आणि चिकटतो.

विंचवाची नांगी कातडीच्या खाली विष सोडते. तिथून ते रक्तात जायला लागतं. वर ठेवलेली बी ते परत ओढू शकत नाही.

मग आजीचे रोगी बरे कसे झाले? कारण विंचू चावलेली बहुतेक माणसं काहीही न करता बरी होतात. चावलेला विंचू इंगळी असतो, किंवा तांबड्यानं विष कमी सोडलेलं असतं. कळ काही तास टिकते आणि ओसरते. तेवढ्या वेळात जे काही लावलं असेल, मग तो चिंचोका असो, मंत्र असो की देवाचा अंगारा, त्याला श्रेय मिळतं. आणि जो मेला त्याच्याबद्दल गाव म्हणतं, "त्याची वेळच भरली होती."

कळ थांबली म्हणजे उतरलंच ना?

नाही. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे ठेवा. कळ आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नुसती आग-आग आहे, माणूस ओरडतोय, शिव्या देतोय, पण घाम नाही, उलटी नाही, हातपाय गरम आहेत, असा माणूस बहुधा सुटतो. उलट तांबड्याचं विष ज्याच्या अंगात भिनलं त्याची चावलेल्या जागेची कळ कमी असू शकते. पोरगं गप्प झालं, घामानं भिजलं, गार पडलं, की घरच्यांना वाटतं झोप लागली, उतरलं. नेमका तेव्हा त्याच्या हृदयावर ताण आलेला असतो. उपचारानं रोगी सुधारायला लागला की चावलेल्या जागेची कळ परत येते, आणि डॉक्टर त्याला चांगलं लक्षण मानतात.

झाडपाल्याच्या सगळ्या उताऱ्यांची परीक्षा आपण कळीवर घेत आलो. "लावलं आणि थंड वाटलं." वाटलं असेलही. गार, ओलं काहीही लावलं की थोडं बरं वाटतं. पण ते माप चुकीच्या गोष्टीचं आहे.

विष नेमकं करतं काय, आणि दवाखान्यात काय देतात?

तांबड्या विंचवाचं विष मज्जातंतूंची दारं उघडी ठेवतं. अंगातलं अॅड्रिनलिन (घाबरल्यावर सुटतं ते) आणि त्याच्या जातीची रसायनं एकदम बाहेर पडतात. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हृदय एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. माणूस दगावतो तो या पाण्यानं.

यावरचा उपाय महाराष्ट्रातल्याच एका डॉक्टरनं दाखवून दिला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणातल्या सरकारी दवाखान्यात विंचवानं मरणारी माणसं बघून त्यांनी लक्षणांची नोंद ठेवायला सुरुवात केली. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी धोक्याच्या खुणा मांडल्या आणि १९८६ मध्ये तिथेच प्रॅझोसिन या गोळीचा उपयोग. प्रॅझोसिन म्हणजे रक्तदाबाचं औषध. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं, हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी विष भिनलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ३० ते ४० टक्क्यांच्या घरात होतं, ते या गोळीनंतर १ ते ३ टक्क्यांवर आलं. पुढे विंचवाची प्रतिविष लसही, म्हणजे विष मारणारं इंजेक्शन, जोडीला आली. २०११ मध्ये त्यांनी ७० रुग्णांवर केलेली तुलना प्रसिद्ध झाली, त्यात लस आणि प्रॅझोसिन दोन्ही दिलेले रुग्ण नुसत्या प्रॅझोसिनपेक्षा लवकर सावरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांच्या औषधानं गावोगावची पोरं वाचली त्यांचं नाव कितीतरी गावांत ठाऊक नसतं, उतारा देणाऱ्याचं मात्र सगळ्यांना पाठ. हे मला खटकतं, म्हणून एवढं लांबवलं.

आघाड्याची मुळी?

जिवतीच्या पूजेला आघाडा-दूर्वांची माळ करतो, तोच हा. उलटी वळलेली काटेरी फळं धोतराला चिकटून घरापर्यंत येतात. मुळी किंवा पाला वाटून लावतात, आणि काही जण नुसती मुळी हातावरून वरून खाली फिरवून विष "उतरवतात". पाला लावल्यानं अपाय सहसा होत नाही. मुळी फिरवण्यानं अपाय होतो तो वेळ जाण्याचा.

रुईचा चीक लावावा का?

लावू नये, आणि पोटात तर मुळीच घेऊ नये. चीक कातडीला जाळतो. चिकाचा हात डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते. मुलांच्या बाबतीत हे फार पटकन घडतं. त्याहून वाईट म्हणजे रुईत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत. विंचवाचं विष हृदयालाच धरतं, त्यात आणखी हे पाजायचं? मारुतीला माळ घाला, बाकी रुईला हात लावला की हात धुवा.

कळलावी, वाघनखी, विंचवी यांचं काय?

वाघनखी नावानं आपल्याकडे दोन वेगळी झाडं ओळखतात, आणि इथंच घोटाळा होतो. एक ओसाड रानात, उकिरड्याकडेला येणारं, गुलाबीसर फुलाचं. त्याच्या वाळल्या फळाला दोन आकडे असतात, विंचवाच्या नांगीसारखे. त्यालाच कुणी विंचू किंवा विंचवी म्हणतं. आकार विंचवासारखा म्हणून उपाय विंचवावर, एवढाच तर्क.

दुसरी कळलावी. लाल-पिवळ्या ज्वालेसारखं फूल, पानाच्या टोकाला वेटोळं. हिच्या कंदात कोल्चिसिन असतं, ते थोडं जास्त झालं तरी जीव घेतं. आधी उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव बंद पडत जातो. कुणी कंद उगाळून प्यायला दिला तर सरळ ओतून टाका. भांडण झालं तरी चालेल.

बिब्बा, लिंबू-परमँगनेट, चुना-तंबाखू, रॉकेल, डोळ्यात मिठाचं पाणी?

सगळ्यांना एकच उत्तर : नको. बिब्ब्यानं आणि परमँगनेटच्या जांभळ्या पुडीनं कातडी भाजते. परमँगनेटवर लिंबू पिळलं की फसफसतं, जळतं, आणि बघणाऱ्याला वाटतं विष जळालं. जळते ती कातडी. मिठाच्या पाण्यानं डोळे एवढे झोंबतात की माणूस पायाची कळ विसरतो.

म्हणजे झाडांत औषध नाहीच का? तुम्हीच तर झाडं शिकवता.

आहे की. पण ते कुठं सापडलं, त्याची गंमत ऐका. सर्पगंधेची मुळी शतकानुशतकं सापाच्या विषावर म्हणून दिली गेली. सापाच्या विषावर तिचा उपयोग सिद्ध झाला नाही. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्यानं रक्तदाब उतरतो हे नीट मांडलं, १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि जगभर रक्तदाबासाठी वापरलं गेलं. मुळी खरी होती, रोग दुसरा होता. आणि विंचवावरची खरी गोळी निघाली तीही रक्तदाबाचीच. (सर्पगंधा ओलसर जंगलातली आहे. आपल्या माळावर कुणी "सर्पगंधा" म्हणून दाखवली तर आधी शंका घ्या.)

अनंतमूळ आणि माका यांच्यातल्या काही द्रव्यांनी सापाचं विष निष्प्रभ होतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तिथं विष आणि अर्क आधी एकत्र मिसळतात किंवा उंदरावर बघतात. माणसाला चावल्यावर काढा पाजला आणि तो वाचला, हे त्यातून सिद्ध होत नाही. उद्या यातून एखादं औषध निघालं तर मला सगळ्यांत आधी आनंद होईल. तोवर माका केसांना लावा.

मधमाशी आणि गांधीलमाशी चावली तर?

इथं घरगुती उपायांना थोडी जागा आहे. मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि त्याला लागलेली विषाची पिशवी काही क्षण पंपासारखी चालू राहते. नखानं, चिमट्यानं, कार्डाच्या कडेनं, कशानंही काढा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. गांधीलमाशीचा काटा राहत नाही, ती पुन्हा पुन्हा चावू शकते.

मग थंड फडकं, बर्फ. लोखंडाची किल्ली घासतात, ते लोखंड गार असतं म्हणून बरं वाटतं. झेंडूचा पाला चोळला तरी बिघडत नाही. कोरफडीचा गर सुजेवर लावायला हरकत नाही, फक्त पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक धुऊन टाका, त्यानं खाज सुटते. "मधमाशीचं विष आम्ल, म्हणून चुना लावा" हे शाळेतल्या रसायनशास्त्राचं अर्धवट ज्ञान आहे. विष कातडीखाली, चुना कातडीवर. चुन्यानं वरची कातडी सोलवटते ती वेगळीच.

दोन प्रसंगांत मात्र पाला-बिला काही नाही. एक, अंगभर पित्त उठलं, ओठ-पापण्या सुजल्या, घसा आवळला, चक्कर आली. हा अॅलर्जीचा तीव्र झटका आहे, एका माशीनंही येतो आणि थोड्या मिनिटांत जीव जातो. त्यावर अॅड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं. दोन, आग्या मोहोळ उठलं आणि खूप माश्या चावल्या. माणूस बोलत-चालत असला तरी इतक्या विषानं मूत्रपिंडं बिघडू शकतात, म्हणून दवाखाना. मोहोळ उठल्यावर तोंड झाकून बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. विहिरीत उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत थांबतात आणि पोहता येणारेही घाबरून बुडतात.

गोम चावली तर?

दुखतं फार, जीव क्वचितच जातो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरला की कळ कमी होते. आधी पाणी स्वतःच्या हातावर बघा. बाकी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का, तेवढं डॉक्टरांना विचारा.

साप चावल्यावर कडुनिंब, मिरची...

कडुनिंबाचा पाला गोड लागला तर विष चढलं, मिरची तिखट लागली नाही तर विष चढलं, ही परीक्षा अजून घेतात. घाबरलेल्या माणसाच्या जिभेला काहीही लागतं. त्यात ज्याला गिळायला त्रास होतोय त्याच्या तोंडात पाला कोंबला तर तो श्वासनलिकेत जातो.

आपल्या जिल्ह्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आहेत. यातली मण्यार फसवी. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दात बारीक, कळ नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं. असा माणूस "देवाचं" म्हणून बसवून ठेवला की संपला. ऊसतोडीच्या टोळीतली, शेतातल्या खोपीत झोपणारी माणसं यात सगळ्यांत जास्त सापडतात. बाज किंवा खाट घ्या, आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचा. एवढ्यानं फार फरक पडतो.

प्रतिविष लस या चारही सापांच्या विषाविरुद्ध एकत्र असते. विष घोड्यांना थोडं थोडं टोचून त्यांच्या रक्तातून ती तयार करतात. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव यासाठी महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती देताना कधी रिअॅक्शन येते, म्हणून सलाईन आणि अॅड्रिनलिन हाताशी असलेल्या ठिकाणीच देतात. सरकारी रुग्णालयात ती मोफत आहे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी फोन करून साठा आहे का विचारा, नाहीतर थेट सोलापूरचं सिव्हिल गाठा. दोन तास एका दाराहून दुसऱ्या दाराला फिरणं परवडत नाही.

घरचे म्हणतात आधी उतारा घेऊ, मग दवाखाना. कसं समजवायचं?

वाद घालू नका, वादात वेळ जातो. माझा सल्ला सरळ आहे : पाला लावायचाय ना, गाडीत बसून लावा. मंत्र म्हणायचाय ना, म्हणणाऱ्यालाही गाडीत घ्या. आजीचा मान राहतो आणि गाडीही हलते. आघाड्याचा पाला वाटून हाताला लावलेलं पोरगं दवाखान्यात आलं तर कुणी काही म्हणत नाही. फक्त पोटात काही द्यायचं नाही, आणि आवळून बांधायचं नाही.

उतारा देणाऱ्यालाच "दवाखान्यात नेऊ नका" म्हणायची खोड असेल, तर त्याला कायदा सांगा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तरीही कित्येक गावांत हेच लोक आता स्वतः गाडी बोलावून देतात, हेही सांगितलं पाहिजे. अशा माणसाला शत्रू करण्यापेक्षा १०८ लावायला शिकवणं जास्त कामाचं.

डॉक्टरांना काय सांगायचं?

किती वाजता चावलं, कुठं चावलं, किती उलट्या झाल्या, आणि काय काय लावलं-पाजलं. हे शेवटचं लोक लपवतात, ओरडा बसेल म्हणून. लपवू नका. रुईचा चीक किंवा कळलावी पोटात गेली असेल तर उलट्या विंचवामुळे आहेत की त्याच्यामुळे, हे डॉक्टरला कळणार कसं? विंचू किंवा साप मारून पिशवीत आणायची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक, त्याच्यामागे धावताना दुसरा माणूस चावून घेतो. मूल ठीक दिसत असलं तरी डॉक्टर २४ तास ठेवून घ्या म्हणाले तर ठेवा.

मदत मिळते का?

शेतकरी कुटुंबातल्या व्यक्तीचा सर्पदंशानं किंवा विंचूदंशानं मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. त्याला मुदत असते, दिवसकार्य उरकण्याची वाट बघू नका. दवाखान्याचे कागद लागतात. मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेल्या माणसाचा कागद कुठून आणणार?

विंचू घरात येऊ नये म्हणून कोणतं झाड लावू?

तुळस, लसूण, गवती चहा, सगळं लावा, चहाला उपयोगी पडेल. विंचू त्यानं थांबत नाही. तो थांबतो भेगा बुजवल्यानं. माळवद आणि दगडी भिंतीच्या सांध्यांत चुना-सिमेंट भरा. सरपण, तुराट्या, विटांचा ढीग भिंतीला लागून रचू नका. चप्पल-बूट, वाळत घातलेले कपडे झटकून घाला. कडबा उपसताना हातात काठी आणि पायात बूट. उन्हाळ्यातल्या रात्री आणि पावसाची पहिली सर पडून बिळांत पाणी शिरतं ते दिवस, यांत जास्त जपा. कोंबड्या असतील तर त्या विंचू टिपतात.

आणि एक हौसेची गोष्ट. नोटा तपासायला मिळतो तो जांभळ्या उजेडाचा, म्हणजे अतिनील किरणांचा, छोटा टॉर्च घ्या. अंधारात तो भिंतीवर फिरवला की विंचू हिरवट-निळा लकाकतो. पोरांना वेड लागतं, आणि झोपायच्या आधी एक फेरी आपोआप होते.

प्रॅझोसिनची गोळी घरात आणून ठेवू का?

नको. पहिल्या गोळीनं रक्तदाब एकदम उतरून माणूस उठता उठता कोसळू शकतो, त्यात घाम आणि उलट्यांनी अंगातलं पाणी आधीच गेलेलं असतं. डॉक्टर आधी नाडी आणि दाब बघतात, पाणी भरतात, आडवं ठेवून गोळी देतात आणि दर थोड्या वेळानं तपासून पुढची द्यायची की नाही ठरवतात. मुलाला ती वजनाच्या हिशोबानं लागते. त्यापेक्षा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा नंबर भिंतीवर कोळशानं का होईना लिहून ठेवा, आणि रात्री तिथं डॉक्टर असतो का हे एकदा आधीच जाऊन विचारून या.